गॅस जातो कुठे?

धुळवडीचा रंग अंगावरून पुरता जायच्या आत माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, गाडीचा एसी कमी पडून राहिला, जरा गॅस भरून द्या." आवाज बदलतात, गाड्यांची नावं बदलतात, वाक्य तेच राहतं. १९८२ साली नागपुरात कामठी रोडवरच्या एका गॅरेजात मी पहिल्यांदा पाना हातात धरला, तेव्हापासून हे वाक्य ऐकतो आहे. आमच्या धंद्याची सगळी हकीकत त्या वाक्यात आहे, आणि धंद्यातली सर्वांत जुनी चूकही त्यातच आहे. गॅस कमी झाला म्हणून भरायचा, पुढच्या वर्षी पुन्हा कमी झाला की पुन्हा भरायचा. तो गेला कुठे, हे फार उशिरा विचारलं गेलं.

एसी येण्याआधीपासून सांगतो. माझे वडील एका जिनिंग मालकाची अ‍ॅम्बॅसेडर चालवायचे. हिंगणघाट, पुलगाव, वर्धा, पुन्हा नागपूर अशी त्यांची चक्कर असे. उन्हाळ्यात पहाटे चारला गाडी निघायची आणि अकराच्या आत कुठल्यातरी झाडाखाली किंवा जिनाच्या शेडमध्ये लागायची. पुढच्या बंपरला छागल बांधलेली असायची. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : जाड कॅन्व्हासची पिशवी, तिच्यात पाणी. कापड सतत ओलं राहायचं, गाडी पळायला लागली की वारा लागायचा आणि आतलं पाणी माठातल्यासारखं गार व्हायचं. मालकांच्या बाजूच्या खिडकीला ओला पंचा लावलेला असे. लांबचा प्रवास असेल तर वाळ्याचा छोटा पडदा, त्यावर वाटेत पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे. पंचा वाळला की झळा थेट तोंडावर यायच्या. लहानपणी नवतप्याच्या दिवसांत अशा एका प्रवासात मला ऊन लागलं होतं. ताप उतरेपर्यंत आईनं कैरीचं पन्हं पाजलं आणि तळपायांना कांदा चोळला, एवढं आठवतं.

पाणी वाफ होऊन उडताना सोबत उष्णता घेऊन जातं. छागलीत हेच घडतं, आणि गाडीच्या एसीतल्या कूलिंग कॉइलमध्येही हेच, फक्त पाण्याऐवजी गॅस. फरक इतका, की छागलीतली वाफ हवेत निघून जाते. एसीत उडालेली वाफ पकडायची, दाबायची, पुढच्या जाळीत नेऊन तिची उष्णता बाहेर फेकायची, तिचा पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा आत उडवायचा. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. हे मला गॅरेजातल्या माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेव्हा बंपरवरची छागल डोळ्यांपुढे आली आणि गोष्ट कायमची समजली.

उस्ताद मूळचे मोटार मेकॅनिक नव्हते. बर्फाच्या कारखान्यात आणि मग एका टॉकीजच्या एसी प्लांटवर त्यांची उमेदवारी झाली. मुंबईत रीगल टॉकीज १९३३ साली वातानुकूलित झाली आणि त्यानंतर मोठ्या शहरांतल्या थिएटरांमधून थंड हवा हे तिकिटाचं आकर्षण बनलं. त्या प्लांटवर माणसं घडली. ती पुढे फ्रिज दुरुस्तीला लागली, आणि गाड्यांना एसी बसायला लागले तेव्हा गाड्यांकडे वळली. आमचा धंदा असा दोन धंद्यांच्या सांध्यावर जन्मला. मोटारवाल्याला इंजिन कळायचं, गॅसची भीती वाटायची. फ्रिजवाल्याला गॅस कळायचा, पण हलणारं, हादरणारं, सतत धूळ खाणारं यंत्र त्याला नवीन होतं. घरातल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एका बंद डब्यात असतात, सगळे सांधे झाळलेले, म्हणून तो वीस-वीस वर्षं गॅस धरून राहतो. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा बाहेर येतो, त्या दांड्याभोवती सील असतं. इंजिन हलतं आणि बॉडी जागेवर राहते, म्हणून मधे रबरी पाइप लागतात. प्रत्येक सांध्याला ओ-रिंग. म्हणजे गाडीच्या एसीला गॅस जायच्या वाटा जन्मापासूनच असतात.

गाडीत एसी बसवण्याच्या अडचणी आमच्याकडच्याच नव्हेत, एसीवाल्या अगदी पहिल्या गाडीपासूनच्या आहेत. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९३९ साली, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच बसवलेला एसी विकायला काढला. किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीत होती, त्यामुळे सामानाची जागा गेली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन सुरू म्हणजे कॉम्प्रेसर सुरू. तो खरोखर बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे. दोन वर्षांत कंपनीनं तो प्रकार आवरता घेतला. युद्धानंतर १९५३ मध्ये क्रायस्लरनं चांगला एसी आणला, आणि १९५४ मध्ये नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवून दाखवली. आजच्या साध्या गाडीतली मांडणी तिथून आली.

पॅकार्डच्या पट्ट्याची गोष्ट मी पुस्तकात वाचली तेव्हा मला आमचं गॅरेज आठवलं. दिवाळी झाली की ऐंशीच्या दशकातली कितीतरी गिऱ्हाइकं एसीचा पट्टा काढून घ्यायला यायची, पेट्रोल वाचावं म्हणून. तोवर क्लच आलेला होता, पट्टा काढायची गरज नव्हती, तरी समजूत पक्की होती. उस्ताद विरोध करायचे. कॉम्प्रेसर सहा महिने निपचित पडला की दांड्याच्या सीलवरचं तेल खाली उतरतं, सील कोरडं पडतं आणि गॅस तिथून निघून जातो. मग मार्चमध्ये तेच गिऱ्हाईक, तीच गाडी, तेच वाक्य. म्हणून मी आजही सांगतो, हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा.

त्या काळातली मुख्य गाडी म्हणजे कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. तिला एसी कारखान्यातून फारसा मिळायचा नाही, तो नंतर बसवावा लागे. डॅशबोर्डच्या खाली लटकणारा एक काळा डबा, त्याला दोन-तीन जाळ्या आणि दोन गोल बटणं. आम्ही त्याला 'पेटी' म्हणायचो. सुरुवातीला जुन्या परदेशी गाड्यांमधून निघालेले यॉर्कचे दोन पिस्टनवाले कॉम्प्रेसर हाती यायचे, उभे, जड, मोटारसायकलच्या इंजिनसारखे दिसणारे. ते फिरायला लागले की पद्मिनीचं सगळं बॉनेट थरथरायचं. मग सँडेनचे पाच पिस्टनवाले लहान कॉम्प्रेसर आले आणि आमचं जगणं सोपं झालं. त्यांना बसवायचा ब्रॅकेट आम्ही स्वतः पट्टी कापून, वेल्डिंग करून बनवायचो. पट्टा एका रेषेत आला नाही तर महिन्याभरात तुटायचा. त्या एका रेषेसाठी मी दुपारभर सुतळी लावून बसलेलो आहे.

पद्मिनीचा एसी रस्त्यावर बरा चालायचा, सिग्नलला मरायचा. कारण साधं होतं. तिचा पंखा इंजिनवर फिरणारा. गाडी उभी, इंजिन मंद, म्हणजे पंखाही मंद. एसीची पुढची जाळी, कंडेन्सर, रेडिएटरच्या तोंडासमोर लावलेली. तिला वारा मिळत नसे आणि तिची उष्णता मागच्या रेडिएटरवर पडे. सीताबर्डीच्या गर्दीत मे महिन्यात काटा लाल रेषेला टेकायचा आणि मालक आम्हाला शिव्या द्यायचे. पुढे विजेवर फिरणारा पंखा कंडेन्सरच्या पुढे लावायला आम्ही शिकलो. एवढ्या एका पंख्यानं जे काम केलं ते दहा वेळा गॅस भरून झालं नसतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली. पुढे तिची एसीवाली गाडी आली, आणि १९८५ साली डेन्सो आणि सुझुकी या जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सुब्रोस उभी राहिली, जी मारुतीला एसी पुरवू लागली. आमच्यासाठी हा मोठा बदल होता. पहिल्यांदा डॅशबोर्ड आणि एसी एकमेकांसाठी बनलेले आले. ब्रॅकेट मापाचा होता, पाइप मापाचे होते. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, त्यात कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती खातो, म्हणून चिखलदऱ्याचा घाट चढताना एसी बंद करायचा ही सवय वऱ्हाडातल्या प्रत्येक मारुतीवाल्याला लागली. पण सपाटीवर ती गाडी मे महिन्यातही थंड व्हायची. पुढे टाटांची इंडिका डिझेलवर आली आणि एसी भाड्याच्या गाड्यांमध्येही पोचला. ज्या प्रवासात माझ्या वडिलांनी खिडकीला पंचा बांधला, तिथे आता सामान्य घरातली माणसं भर दुपारी लग्नाला जायला लागली. मला याचं मनापासून समाधान आहे. थंड हवा ही चैन आहे असं म्हणणाऱ्यानं २३ मे २०१३ ला नागपुरात यायला हवं होतं. त्या दिवशी पारा ४७.९ अंशांवर होता. डायलिसिससाठी आठवड्याला दोनदा यवतमाळहून नागपूरला येणाऱ्या एका आजोबांची जुनी झेन माझ्याकडे दुरुस्तीला असायची. त्यांच्यासाठी तो एसी म्हणजे औषधच होतं.

आता गॅसकडे येतो.

आम्ही ज्याला नुसतं 'गॅस' म्हणायचो तो आर-१२. त्याच्या आधी थंडाव्याच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू वापरत, आणि गळती झाली की माणसं मरत. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नवा वायू शोधला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध. भारतात तो सुरतेजवळच्या भेस्तानच्या कारखान्यात १९६७ पासून 'मॅफ्रॉन' नावानं बनायला लागला. आमच्या गॅरेजात तेच नाव चालायचं.

इतका निरुपद्रवी, म्हणून आम्ही तो पाण्यासारखा वापरला. हे मला लिहायलाच हवं. पाइप बदलायचा असला की आधी गॅस सोडायचा. सांधा ढिला करायचा, फुस्स आवाज व्हायचा, तेलाचा बारीक धुरळा उडायचा, गॅरेजभर गोडसर वास पसरायचा. धूळ उडवायलाही आम्ही गॅसचा झोत वापरत असू. उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा गाड्या, आणि शहरात अशी कितीतरी गॅरेजं. कुणी अडवलं नाही, कारण आमच्यात कुणाला त्याचा अपाय ठाऊक नव्हता.

गळती शोधायला हॅलाइड टॉर्च असायचा. छोटा दिवा, त्याच्या ज्योतीत तांब्याची पट्टी तापलेली, हवा ओढायला एक नळी. नळीचं टोक सांध्याजवळ फिरवायचं. गॅस गळत असेल तर निळी ज्योत हिरवी व्हायची. मोठी गळती असली की झगमगीत निळी-जांभळी. अंधाऱ्या कोपऱ्यात, बॉनेटखाली डोकं घालून ती हिरवी झाक शोधणं हे मी शिकलेलं पहिलं खरं कौशल्य. जळलेल्या गॅसचा तिखट वास घशाला लागायचा. त्यात विष असतं हे मला पुष्कळ नंतर कळलं. उस्तादांना शेवटची दहा वर्षं खोकला होता. त्याचं कारण तो टॉर्च होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांची आठवण आली की ती हिरवी ज्योतही दिसते.

बाकीची गॅरेजं टॉर्च पेटवायच्या भानगडीत पडत नसत. गळती शोधायला दोन तास जातात, भरायला वीस मिनिटं. गिऱ्हाइकालाही वीस मिनिटंच हवी असतात. अशा घाईत एकदा मीही म्हणालो होतो, "उस्ताद, संपला असेल गॅस, भरून टाकू." ते उठले, माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि म्हणाले, "गॅस म्हणजे पेट्रोल होय का बे, जळून जायाले?"

एवढंच. पण मी जे काही शिकलो ते या प्रश्नातून.

गॅस कुठे जात होता याचं मोठं उत्तर आमच्या गॅरेजाच्या फार वर शोधलं जात होतं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवलं, की हे वायू खाली कशातच विरत नाहीत, म्हणून ते वर चढत राहतात. वरच्या थरात सूर्याची अतिनील किरणं त्यांना फोडतात, क्लोरीन सुटतो आणि तो ओझोन खात सुटतो. जो गुण आम्ही वाखाणला, की हा गॅस कशाशीच भांडत नाही, त्याच गुणामुळे तो तिथवर पोचत होता. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनमधली मोठी घट जाहीर केली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ ला सामील झाला. २००० साली आपल्याकडे नियम आले, आणि १ ऑगस्ट २००८ ला भारतानं या जातीच्या गॅसचं उत्पादन थांबवलं, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी. औषधाच्या फवाऱ्यांपुरती काय ती सूट होती. मोलिना आणि रोलँड यांना १९९५ चं नोबेल मिळालं ती बातमी मी पेपरात वाचली, आणि कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे बघत राहिलो. कामठी रोडवर सुटलेला गॅस ओझोनच्या त्या छिद्रापर्यंत गेला असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या गाड्या आर-१३४ए घेऊन यायला लागल्या. बॉनेटखाली तसा स्टिकर, सर्व्हिस पोर्ट वेगळे. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही. आमच्यापुढे प्रश्न जुन्या गाड्यांचा होता. आर-१२ महाग आणि दुर्मीळ होत चालला होता, म्हणून जुन्या गाडीत नवा गॅस भरायचा. बाजारात सर्रास सांगितलं जायचं, जुना सोडा आणि नवा भरा, काही होत नाही.

होतं. १९९९ च्या उन्हाळ्यात मी धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या मारुतीत तसंच केलं. दीड महिन्यात कॉम्प्रेसर जाम झाला आणि आतला धातूचा चुरा सगळ्या पाइपांमध्ये पसरला. कारण मला नंतर समजलं. जुन्या गॅससोबत खनिज तेल चालतं, ते त्याच्यात विरघळून फिरत राहतं आणि परत कॉम्प्रेसरमध्ये येतं. नव्या गॅसमध्ये ते विरघळत नाही. तेल कॉइलमध्ये साचून बसलं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरत राहिला. मी पदरचे पैसे घालून दुसरा कॉम्प्रेसर बसवला. त्यानंतर जुनी गाडी बदलायची म्हणजे काय करायचं हे ठरलं : जुनं तेल पूर्ण काढायचं, नवं त्या गॅसचं तेल घालायचं, ओल शोषणारा ड्रायर बदलायचा, ओ-रिंग बदलायच्या, आणि जुने रबरी पाइप तपासायचे, कारण नव्या गॅसचे रेणू बारीक असल्यानं ते जुन्या रबरातून हळूहळू झिरपतात. गॅस भरायचाही जुन्यापेक्षा थोडा कमी, साधारण ८५ टक्के.

एवढं करूनही त्या गाड्या पूर्वीसारख्या थंड झाल्या नाहीत, आणि लोक आम्हाला दोष देत राहिले. यामागे विदर्भाचं ऊन आहे. साठ अंशांवर आर-१२ चा दाब दर चौरस इंचाला २०५ पौंडांच्या आसपास असतो, आर-१३४ए चा २३० च्या घरात. हवा गार असते तिथे हा फरक जाणवत नाही. बाहेर ४६ अंश असतात तेव्हा कंडेन्सर साठ-सत्तर अंशांना तापतो आणि दाबाचा काटा ३०० कडे सरकतो. जुन्या गाडीचा जुन्या घडणीचा कंडेन्सर एवढी उष्णता फेकू शकत नाही. आत कितीही गॅस घाला, बाहेर उष्णता गेलीच नाही तर आत थंडावा कुठून येणार? ज्यांनी तेवढ्याच जागेत नव्या घडणीचा, बारीक नळ्यांचा कंडेन्सर बसवला आणि पंखा मोठा केला, त्यांच्या गाड्या सुधारल्या.

हॅलाइड टॉर्चही तेव्हाच निकामी झाला. ज्योत हिरवी होते ती क्लोरीनमुळे, आणि नव्या गॅसमध्ये तो नाही. मी टॉर्च पुसून फडताळात ठेवला. आता गळती शोधायला साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब, अतिनील दिव्यात चमकणारा रंग आणि गॅस लागला की चिवचिवणारं यंत्र. काचेतले बुडबुडे बघून गॅस भरायची जुनी पद्धतही गेली. आर-१२ मध्ये ड्रायरवरची काच स्वच्छ दिसली की गॅस पुरेसा, असं चालायचं. नव्या गॅसमध्ये काचेवर भरवसा ठेवला तर हमखास जास्त भरला जातो, आणि जास्त गॅसही कमी गॅसइतकाच एसी मारतो. तोलूनच भरायला हवा. सरकारी प्रशिक्षणात हे शिकवलं गेलं, तिथे मी वयाच्या चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन बसलो, आणि तिथल्या वहीचा मला आजही उपयोग होतो.

काही वर्षांपूर्वी अमरावतीहून एक शिक्षिका त्यांची पंधरा वर्षं जुनी वॅगनआर घेऊन आल्या. सकाळी एसी उत्तम, दुपारी तासाभरानं गरम हवा, संध्याकाळी पुन्हा ठीक. तीन ठिकाणी गॅस भरून झाला होता, तिन्ही ठिकाणी पैसे घेतले होते. मी त्यांना म्हटलं, "ताई, गाडी दुपारीच दाखवा. सकाळी मला काही कळणार नाही." दीड वाजता उन्हात इंजिन सुरू ठेवून बॉनेट उघडं टाकलं आणि स्टुलावर बसून राहिलो. पन्नासाव्या मिनिटाला कॉम्प्रेसरच्या क्लचनं टक् केलं आणि सोडलं, पुन्हा धरलं नाही. वीज येत होती. मी लाकडाच्या दांड्यानं क्लचची चकती हलकेच दाबली, ती लगेच चिकटली आणि एसी सुरू झाला. क्लचची वेटोळी तापली की तिचा रोध वाढतो, चुंबक कमजोर पडतो. झिजून झिजून चकतीमधली फट वाढलेली, म्हणून गार असताना चुंबक ओढू शके, तापल्यावर नाही. आतली एक शिम, म्हणजे पातळ कडी, काढली, फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली. तीन वेळा भरून जास्त झालेला गॅस यंत्रानं ओढून घेतला आणि तोलून परत भरला. नवा एकही भाग लागला नाही.

म्हणून आता जुनी गाडी आली की मी गॅसचा दाब मोजणारं गेज शेवटी लावतो. आधी डॅशबोर्डच्या जाळीत थर्मामीटर. मग पुढे वाकून कंडेन्सर बघतो. आमच्याकडे कापसाच्या गाड्या धावतात, सरकी आणि तूस रस्त्यावर उडतं, ते कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे गादीसारखं बसतं, बाहेरून दिसत नाही. मागे दिवा धरला आणि उजेड पुढे आला नाही की समजावं. साध्या पाण्यानं, हलक्या धारेनं, मागून पुढे धुतलं तरी पुष्कळ गाड्यांमध्ये चार-पाच अंशांचा फरक पडलेला मी पाहिला आहे. मग हीटरचा कॉक. तो जुन्या गाडीत पूर्ण बंद होत नाही, म्हणजे थंड हवेत इंजिनचं उकळतं पाणी लपून काम करत असतं. नागपुरात हीटर लागतो किती दिवस? उन्हाळ्यापुरता तो पाइप वळवून टाकला की झालं. मग बाहेरची हवा घेणारी झडप. तिची केबल तुटलेली असेल तर एसी ४६ अंशांची हवा गार करत बसतो. मग कूलिंग कॉइल, कारण जुन्या गाड्यांना केबिनचा फिल्टरच नव्हता आणि पंधरा वर्षांची धूळ ओल्या कॉइलवर चिखल होऊन बसलेली असते. एवढं झाल्यावर गेज, आणि गॅस खरंच कमी निघाला तर आधी गळती. भर दुपारी धावत्या गाडीत जाळीतून दहा-बारा अंशांची हवा आली की मी थर्मामीटर मालकाच्या हातात देतो.

आर-१३४ए चे दिवसही भरत आले आहेत. ओझोनला तो अपाय करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे आहे. माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि २०२८ पासून आपल्याकडे या जातीच्या गॅसांचा वापर गोठवून पुढे टप्प्याटप्प्यानं उतरवायचा आहे. युरोपात गाड्यांमध्ये आलेला नवा गॅस थोडा ज्वलनशील आहे. माझा मुलगा त्याची माहिती जमवतो आहे. तो गॅरेजात आला तेव्हा मी त्याला पहिल्या दिवशी गॅस ओढून घेणारं यंत्र दाखवलं, भरणारं नंतर.

फडताळाशेजारी आर-१२ चा एक अर्धा सिलिंडर आहे, २००८ च्या आधीचा. शहरात दोन जुन्या गाड्या अजून मूळ गॅसवर आहेत, त्यांच्यासाठी ठेवला आहे, आणि त्यांचे सांधे इतके घट्ट केले आहेत की त्याची गरज पडलेली नाही. दर गुढीपाडव्याला मी तो काट्यावर ठेवतो आणि मागच्या भिंतीवर खडूनं वजन लिहितो. यंदा मुलानं ठेवला. नऊ किलो चारशे ग्रॅम. मागच्या वर्षीचाच आकडा होता, त्यानं त्याच्याखाली तोच पुन्हा लिहिला.